बोटीवरचा बंब

बोरखेडी (धरण), ता. दारव्हा
२९ जानेवारी २००६

प्रिय निकिता,

आईचं पत्र म्हटल्यावर तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते, इथं सगळे ठणठणीत आहेत. मी, तुझे बाबा, बोटीवर त्यांच्या हाताखालचा नेमसिंग आणि शेजारच्या कांताबाईची म्हैस. म्हशीचं नाव मुद्दाम घेतलं, कारण या तीन महिन्यांत गावात तिच्याइतका मान कुणाला मिळाला नाही. फोनच केला असता, पण फोन ठेवलेला तुझ्या बाबांच्या खाटेजवळ, आणि त्यांचं तुला माहीत आहे. तीस वर्षं दारव्ह्याला जीप स्टँडमागं इंजिनं दुरुस्त करून कान गेले. दारात ट्रक उभा राहून हॉर्न वाजवतो तरी पत्ता नसतो. पण फोनवर हळूच त्यांचं नाव घेतलं की अंगणातून विचारतात, कोण काय म्हणून राह्यलं माह्याबद्दल. तेव्हा पत्रच बरं. हे लांबणार आहे, पाय वर घेऊन बस. शेंगदाण्याचे लाडू सोबत पाठवले आहेत, ते डब्यात जपून ठेवायला नाहीत, खायला आहेत.

दिवाळीत जे झालं ते मी उकरून काढत नाही. तुला तिसरा महिना, पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता, आणि नेमकी सुट्टीची गर्दी. सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत बोट आपल्या ओट्यापासून चाळीस पावलांवर बोंबलत होती. कानावर उशी दाबून निजायचीस तू. या घरात मोठं माणूस निजू शकत नाही तर लेकरू काय निजन, असं म्हणालीस, आणि बाबांना आणखी एक वाक्य बोललीस. ते मी इथं लिहीत नाही, तुला आठवतं आणि त्यांनाही. भाऊबीजेच्या सकाळीच तू वणीची गाडी धरलीस. त्यांनी स्टँडवर तुझी पिशवी गाडीत ठेवली आणि घरी येऊन जेवले नाहीत. बस, एवढंच. आता बातम्या ऐक.

तू गेल्यावर आठ दिवसांत कांताबाईनं पंचायतीत अर्ज टाकला. तिचा गोठा काठावर, आपल्या घराला लागून, आणि भुरी म्हैस म्हणजे तिचा जीव की प्राण. संध्याकाळी दूध काढायची वेळ आणि बोटीची शेवटची चक्कर एकच. तू गेलीस तेव्हा बोटीचा अवतार कसा होता ते आठव. नागपूरहून आणलेली ती जुनी फायबरची बोट, पोटात जीपचं डिझेल इंजिन, धुराचा पाइप ट्रॅक्टरसारखा सरळ आभाळाकडं, आणि मागं लांब दोराला बांधलेली ट्रकची भली मोठी ट्यूब. त्या ट्यूबवर शहरातली माणसं बसवायची आणि बोटीनं ओढत फिरवायचं, हा तुझ्या बाबांचा धंदा. ट्यूबवरचे किंचाळतात किती, पण इंजिनापुढं त्यांची किंकाळीसुद्धा ऐकू यायची नाही. तर त्या आवाजानं भुरी पान्हा चोरायला लागली. कांताबाई बादली घेऊन बसे आणि रिकामी बादली घेऊन उठे. शाळेच्या गुरुजींनीही अर्जावर सही केली, मासे धरणाऱ्यांनीही केली.

ग्रामसेवक म्हणाले, आवाज मोजायचं मशीन असतं, पण ते नागपूरहून मागवावं लागेल. सरपंच आपली चंदाबाई. तिला मशीनची वाट पाहायला वेळ नव्हता. ती म्हणाली, "मशीन नागपूरले राहू द्या. भुरी हाये ना गावात. ते ज्या दिवशी बोटीपुढं पान्हावन, त्या दिवशी बोट पास." आणि तारीखही तिनंच ठोकली. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेनंतर संध्याकाळी भुरीपुढून बोट न्यायची. भुरीनं दूध दिलं तर परवानगी कायम, नाही दिलं तर त्याच दिवशी बोट पाण्याबाहेर आणि कागद रद्द. तुझे बाबा बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

तू म्हणशील, गेली असती बोट तर काय बिघडलं असतं. मीही रागाच्या भरात दोनदा तसं म्हटलं. पण यंदाचं साल तुला सांगायला नको, बाई. पऱ्हाटी बरी पिकली, पण कापसाला विचारणारं कुणी नाही. समोरच्या खोलीत आपल्या उरलेल्या वावरातला कापूस अजून छताला टेकला आहे, अंग खाजून जीव जातो. आजूबाजूच्या गावांतून ज्या बातम्या येतात त्या ऐकवत नाहीत. माणसं ओट्यावर बसतात आणि बोलत नाहीत. अशात तुझे बाबा काय करतात, तर शहरातली गिऱ्हाइकं गेली की पारावर जातात आणि जो दिसेल त्याचं मनगट धरून त्याला ट्यूबवर आणून बसवतात. कांताबाईचा नवरा भावसिंग महिनाभर कुणाशी धड बोलला नव्हता. त्याला असंच ओढून नेलं. तो ट्यूबवरून पाण्यात पडला, टोपी गेली, वर आला आणि इतका हसला की काठावरचे सगळे हसायला लागले. मग टोपीसाठी आणखी एक चक्कर झाली. कांताबाई ते पाहत होती. नवरा हसला हे चांगलंच झालं, असं तिनंच मला सांगितलं, पण म्हैस ती म्हैस. आणि आपली बोट फिरते ती आपल्याच बुडालेल्या वावरावरून. बाबा वळण घेतात तिथं खाली आपली विहीर आहे, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. पाण्यानं वावर नेलं, आता पाण्यानंच काहीतरी परत द्यावं, असा त्यांचा हिशेब. तो मला कधी चुकीचा वाटला नाही.

तर बाबा कामाला लागले. आधी भंगारातून ट्रकचं एक सायलेन्सर आणलं आणि पाइपाला जोडलं. आवाज रुपयाचा बारा आणे झाला. मग त्याला दुसरं जोडलं, मग तिसरं. बोटीवर मालगाडीच उभी केली. आवाज निम्म्यावर आला, मी खूश झाले. पण त्या रविवारी दारव्ह्याचे एक डॉक्टर सहकुटुंब आले. चौघं ट्यूबवर बसले, इंजिन काळा धूर ओकू लागलं आणि बोट जागची हलेना. डॉक्टरीणबाई कमरेएवढ्या पाण्यात शांतपणे बसून होत्या आणि नेमसिंगाला विचारत होत्या की फेरी सुरू कधी होणार. मला हे समजेना की आवाज कमी झाला तर जोर कसा गेला. बाबांनी माझं नाक चिमटीत धरलं आणि म्हणाले, आता जिना चढ. तेव्हा कळलं. इंजिनालाही श्वास सोडावा लागतो म्हणे. तोंडावर हात ठेवून चालत नाही.

आता पुढचं जे सांगते ते गावात कुणाला ठाऊक नाही. कापसाची अक्कल माझी होती. मी एक छोटी उशी भरत होते, कुणासाठी ते तू ओळखशील. भरता भरता कानाला लावून पाहिली तर बोटीचा आवाज अर्धा. मी लगेच अंगणात गेले आणि म्हटलं, त्या नळकांड्याला कापसाची गोधडी का घालत नाही, घरात एवढा पडला आहे, भाव नाही तर नाही, आवाज तरी खाईल. तीस वर्षं ज्यांनी तापलेल्या पाइपांवर हात भाजून घेतले त्यांना हे कळायला नको का? पण ज्या घरात माणूस कापसावरच उठतो आणि कापसावरच बसतो त्याला त्याच्यापुढं दुसरं काही दिसत नाही. त्यांनी पत्र्याचं दुहेरी नळकांडं केलं आणि मधल्या जागेत कापूस ठासून भरला. पहिली दहा मिनिटं काय सांगू, निकिता, काठावर नेमसिंगाचा खोकला ऐकू आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओट्यावर उभी, पदर सारखा करत, आपली अक्कल केवढी म्हणून. मग नळकांड्याच्या सांध्यातून पांढरा धूर आला. मग सांधाच उकलला आणि पेटलेल्या कापसाचे बोळे धरणावर उडायला लागले. नेमसिंगानं "याडी!" म्हणून आपल्या आईला हाक मारली आणि बादलीवर बादली ओतली. ट्यूबवर यवतमाळच्या कॉलेजची दोन पोट्टी होती, त्यांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे. ती ओरडत होती, पुन्हा करा म्हणून. गाव तीन दिवस हसत होतं. मारोतरावानं पाण्यावर होळी पेटवली, असं तुझ्या बाबांचं नाव आता आसपासच्या चार गावांत झालं आहे. चंदाबाईनं विचारलं, ही अक्कल कुणाची, तेव्हा तुझे बाबा म्हणाले, माहीच, दुसऱ्या कोणाची राहीन. मी मागं पदर तोंडात धरून उभी होते. त्या रात्री मी त्यांना वांग्याची भाजी केली, जास्त तेलाची.

मग तिसरा प्रकार. पाइप खाली वळवून तोंड सरळ पाण्यात बुडवलं. आवाज पार गेला, बोट बदकासारखी चालली. पण काठाला लावून इंजिन बंद केलं तसं तापलेल्या पाइपानं धरणाचं पाणी उलटं ओढून घेतलं, ते थेट इंजिनाच्या पोटात. सकाळी सुरूच होईना. सगळं खोलून वाळवायला चार दिवस गेले. पाइप पुन्हा पहिल्यासारखा उघडा वर केला आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. तोवर संक्रांत आली. बारा दिवस राहिले होते. मी तिळगूळ हातावर ठेवला तर तो तसाच धरून बसले. एक गोष्ट मला तेव्हा खटकायची. चाचणीची वेळ झाली की हे बोट नेमसिंगाच्या हातात देऊन कुठंतरी नाहीसे व्हायचे. मी समजत होते की कांताबाईच्या गोठ्यात भुरीचं तोंड पाहत उभे असतील.

माझा तांब्याचा बंब तुला आठवतो ना? माझ्या लग्नात मामानं दिलेला, अंगावर नाव घालून, "चि. सौ. कां. इंदू हीस मामाकडून". पोटातून धुराडं, भोवती पाणी. माळ्यावरून मी तो महिनाभर आधीच काढला होता. चिंच आणि राख लावून लावून घासला, नळाचा चामड्याचा वायसर बदलला आणि पहाटे पेटवून पाहू लागले. बाळंतिणीला न्हायला कढत पाणी लागतं, भरपूर लागतं, आणि ते बंबाचंच लागतं, असं माझी आई म्हणायची. तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो तुझे बाबा राखुंडीचं बोट दातावर तसंच ठेवून बंबापुढं बसलेले. पाव तास झाला, अर्धा तास झाला. पाण्याच्या मधून धूर वर चालला आहे, नळातून कढत पाणी येते आहे, आणि बंब हूं की चूं करत नाही. बोटीवर धूर एकीकडून जायचा आणि इंजिन थंड करून आलेलं गरम पाणी दुसरीकडून फुकट सांडायचं. त्या दोघांना एका भांड्यातून काढायचं त्यांच्या डोक्यात आलं. एवढी वर्षं संसार केला आहे, त्यांचा डोळा कशावर आहे ते मला पाठीमागूनही कळतं.

मी सरळ सांगितलं, कोठी न्या, शिलाई मशीन न्या, माझ्या बंबाला हात लावायचा नाही. त्यांनी मान हलवली. मग मीच दोन दिवस भांडत राहिले. बाप्पा, भांडायला समोरचा बोलायला नको का? एकटीच बोलायची, एकटीच उत्तर द्यायची आणि एकटीच रडायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या हातानं तो बंब उचलला आणि अंगणात त्यांच्या हातोड्या-पान्यांच्या मधोमध नेऊन ठेवला. का ठेवला ते शेवटी सांगते. आत्ता सांगितलं तर पुढची गंमत तू वाचणार नाहीस.

त्यांनी बंब बोटीच्या मागच्या बाजूला आडवा बसवला. इंजिनातून निघालेल्या पाइपाला आधी उंटासारखी वर मान काढली, म्हणजे पाणी पुन्हा उलटं जाऊ नये. मग तो पाइप बंबाच्या धुराड्यात सोडला. धुराड्याला आतून बारीक भोकं पाडली आणि पलीकडचं तोंड बंद केलं, म्हणजे धूर भोकांतून पाण्याच्या जागेत यावा. इंजिनाचं गरम पाणीही तिथंच आणलं. आणि दोघांना बाहेर पडायला मागं मोठं भोक, पाण्यापासून वीतभर वर, म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा. नेमसिंग आणि ते चार दिवस भिजत होते. बंबाला पहिलं भोक पडलं तेव्हा मी घरात गेले, मला पाहवलं नाही. पण बोट सुरू झाली तेव्हा बाहेर आले. मागून नुसता गुळगुळ आवाज, मंद चुलीवर वरण शिजतं तसा. आणि जोर तेवढाच, नेमसिंग तीन पोरांना ओढून आला. मी रडले नाही. थोडी रडले.

सव्वीसला सकाळी शाळेत झेंडा झाला, जिलेबी झाली, ग्रामसभा झाली, आणि चारच्या सुमारास सगळं गाव गोठ्यापाशी. कांताबाई पक्की. ती म्हणाली, रिकामी बोट हळूहळू नेतील आणि आपल्याला फसवतील, ट्यूबवर भरलेली माणसं पाहिजेत. मग पंचायतीचे चार सदस्यच बसवले. पांढऱ्या कपड्यांवर नारिंगी जाकिटं घातलेली, किसनसिंग तर पहिल्यापासून शेवटपर्यंत हात जोडूनच बसलेला. कांताबाईनं भुरीची वगार सोडली, दोन घोट पाजली, बाजूला बांधली आणि बादली गुडघ्यांत धरून बसली. वळणावरून बोट निघाली. भुरीनं कान फिरवले. रवंथ थांबलं. बोट समोर आली. मी कळंबच्या चिंतामणीला काय काय कबूल केलं ते आता एकेक आठवून फेडावं लागणार आहे. आणि मग रिकाम्या बादलीच्या तळावर पहिली धार पडली, चर्र करून. मग दुसरी. मग कांताबाईचे दोन्ही हात चालू झाले.

झालं! सगळं गाव एकदम ओरडलं. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या वर. त्या गलक्यानं भुरी अशी बिथरली की तिनं बादलीला लाथ घातली, दावं तोडलं आणि शेपटी वर करून तांड्याकडं पळाली. कांताबाई दुधानं न्हालेली उभी राहिली आणि सगळ्यांकडं पाहून म्हणाली, "बोट बरी होती. तुमाले सायलेन्सर लावा लागते!" चंदाबाईनं ग्रामसेवकाला तिथंच लिहायला लावलं, बोट पास, लोक नापास. दुसरं वाक्य त्यांनी लिहिलं की नाही ते पाहायला मी पंचायतीत जाणार आहे.

आणि तुझे बाबा? त्यांना यातलं काहीही ऐकू आलेलं नाही. त्यांनी बोटीवरून काय पाहिलं, तर लोकांनी हात वर केले आणि म्हैस पळाली. त्यांना वाटलं, पुन्हा पेटलं! इंजिन बंद केलं, गुडघाभर पाण्यात उडी मारली आणि न पेटलेल्या बंबावर बादलीनं पाणी मारायला लागले. ट्यूबवरचे पुढारी मागं तसेच तरंगत राहिले. मी काठावरून ओरडून काय उपयोग, म्हणून दोन्ही मुठी पुढं करून दूध काढल्याची खूण केली. एकदा केली, दोनदा केली, सगळ्या गावासमोर. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कांताबाईच्या लवंडलेल्या बादलीकडं पाहिलं आणि तिथंच पाण्यात बसले. नेमसिंगानं त्यांना काखेत हात घालून उठवलं.

काल शनिवारी यवतमाळहून बरीच मंडळी आली होती. बंब बोटीच्या मागं, त्यामुळं ट्यूबवर बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माझंच नाव. प्रत्येक जण विचारतो, ही इंदू कोण. बाबा ऐकू न आल्यासारखं करतात, त्यांना ते चांगलं जमतं. काठावरची पोरं तर बोट दिसली की ओरडतात, इंदू आली, इंदू आली. या वयात हे ऐकायचं बाकी होतं. मी नेमसिंगाला चांगलं झापलं की ते नाव खरवडून काढ. पण खरं सांगते, काळं पडू नये म्हणून मी सकाळी चिंच घेऊन जाते आणि अक्षरं तेवढी घासून येते.

आता जे शेवटी सांगते म्हटलं होतं ते. मी बंब दिला त्या दिवशी नेमसिंग संध्याकाळची चक्कर मारत होता, उघड्या पाइपानं, तोच जुना आवाज. दिवा लावायला मी आतल्या खोलीत गेले, जिथं तू झालीस तिथं. तर तुझे बाबा तिथं. गोठ्यात नव्हते, कधीच नसायचे. बाळंतिणीच्या खाटेपाशी खाली जमिनीवर बसले होते. खाटेवर, जिथं लेकराची उशी येते तिथं त्यांनी पितळेचं ताट ठेवलं होतं, त्यात मूठभर तुरीची डाळ पसरलेली. बाहेर बोट जवळ आली तसे दाणे थरथरायला लागले, मग उड्या मारायला लागले. हे ताटाला डोळे लावून बसलेले. दिवाळीत तू त्यांना म्हणाली होतीस, तुमाले ऐकू येत नाही म्हणून तुमाले समजत नाही. त्यांनी वर न पाहता सांगितलं, "पोरगी खरंच बोलली. मले ऐकू येत नाही. पण दाणा हालते ते दिसते." मी म्हटलं, अहो, परीक्षा भुरीची आहे. तर म्हणाले, "भुरी काय, गोठा बदलला तरी दूध देईन. लेकराले अठीच निजा लागते." त्यानंतर मी बंब उचलून आणला. आणखी काय करणार होते मी? तुझ्या सासूबाई बाळंतपण वणीलाच करू म्हणाल्या, त्यांची माया मोठी, त्यांना माझा नमस्कार सांग. पण पहिलटकरीण माहेरीच येते, आणि जावईबापूंना रजा मिळेल तेव्हा त्यांनीही यावं. दवाखाना दारव्ह्याचा ठरवला आहे, पुढचा सव्वा महिना इथं. न्हायच्या पाण्याची काळजी करू नको. बाबा म्हणतात की इंजिनातून बंबात जाणाऱ्या पाण्याला मधेच नळ बसवतो, रोज दोन बादल्या कढत मिळतील. मी त्यांना सांगितलं, माझ्या लेकीला मी जीपच्या पाण्यानं न्हाऊ घालणार नाही, चुलीवर पाण्याचा मोठा गंज ठेवीन. तुला सातवा लागतो आहे. ते स्वतःहून तुला ये म्हणणार नाहीत, म्हणून हे पत्र. तुला आणायला स्टँडवरून मागून आणलेली जीप मात्र दोनदा धुऊन ठेवली आहे आणि वणीचा रस्ता कसा आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात. मी तुला हे सांगितलं ते त्यांना कळू देऊ नको. काल बोटीनं दिवसभर चकरा मारल्या, मी तीनदा जाऊन पाहिलं, एक दाणा हलला नाही. पण ते ताट मला तिथून उचलू देत नाहीत. तू ये आणि तू उचल. त्याच डाळीचं वरण लावते.

वाट पाहणारी, तुझीच
आई
(काठावरच्या पोरांसाठी नुसती इंदू)